भोंग्यावरून जाहीर झालेलं कुलूप

नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात हरवलेली म्हैस असो की ग्रामसभा, बातमी फिरायची ती गुलाम नबींच्या ऑटोवरच्या भोंग्यातून. यंदा त्यांना आरोग्य जागृतीचं काम मिळालं. "बीपी तपासा, गावच्या उपकेंद्रात या!" असं आठ दिवस ओरडून त्यांनाच चक्कर आली. ते उपकेंद्रात गेले, तर दाराला कुलूप.

शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "सिस्टर जागृतीच्या रॅलीत हायेत, भाऊ. आठ दिवस झाले."

गुलाम नबी घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी भोंगा लावला, "जागृती सुरू असल्यानं उपकेंद्र बंद हाय. तोवर कोणी बीपी वाढवू नका!"

दुपारी तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले. "हे काय सांगून राहिले तुमी?"

"जागृतीच करून राहिलो, साहेब. यातलं खोटं काय ते सांगा, तेवढं काढतो."

साहेबांनी तिथूनच सिस्टरना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सिस्टर परतल्या. गुलाम नबींचं बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. त्यांना गोळ्या मिळाल्या, भोंग्याचं सरकारी काम मात्र दुसऱ्याला गेलं. गाव अजूनही दवाखान्याला निघताना त्यांनाच विचारतं, "चाचा, आज उघडं हाय का?"