धुऊनही न गेलेला काळा थर

मंडळी, आज खरंच वैताग आलाय.

डोंबिवलीत आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये बाबा, म्हणजे माझे सासरे, लाल माठ लावतात. तेल, लसूण, मिरची आणि तो कोवळा माठ, भाजीला आणखी काही लागतच नाही. मागच्या रविवारी मी ती गरम भाकरीबरोबर केलेली. एरवी पालेभाजी बघून तोंड फिरवणारी माझी मुलगी ईरा चक्क कढई पुसून जेवली. बाबा दिवसभर खुशीत होते.

म्हणून आज पुन्हा तोच बेत केला. पानं खुडायला गेले, तर सगळ्या पानांवर काळपट, तेलकट थर! काल रात्री जवळच्या केमिकल कंपन्यांच्या बाजूने उग्र वास येत होता, तेव्हा आम्ही नेहमीसारख्या खिडक्या लावून झोपलेलो.

पानं मिठाच्या पाण्यात धुतली, परत धुतली. हाताला चिकटपणा लागतच होता. शेवटी मी म्हटलं, "बाबा, ही नको शिजवायला. ईराला कशी देऊ?"

त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच पिशवी आणून सगळी पानं तिच्यात भरली. मग म्हणाले, "ही टाकू गं. पण खिडक्या लावूनही हीच हवा रात्रभर पोरीच्या छातीत गेली, त्याचं काय करायचं?"

मी लगेच प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात फोन करून तक्रार केली.

आपल्या भागात आणखी कुणाच्या झाडांवर असा थर आलाय का? फोटो टाका. माझ्या एकटीच्या तक्रारीवर "बघतो" एवढंच ऐकायला मिळालंय. उद्या त्या ऑफिसात माझ्याबरोबर कोण येतंय?