ते टेकू मी काढायला लावले

नामदेव मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पुढच्या खोलीत, त्यांनीच बसवलेल्या लोखंडी गर्डरखाली वर्तमानपत्र वाचत होतो. आमच्या धरणगावात त्यांच्या हातची घरे गल्लोगल्ली आहेत. दहाव्याच्या दिवशी मात्र त्यांतल्या एकाही घराची आठवण कोणी काढली नाही. बोलणे झाले ते त्यांच्या उजव्या हाताच्या तुटलेल्या तीन बोटांचे. "मातीकामातला माणूस, लोखंडाचा अंदाज नव्हता," असे एक तरुण ठेकेदार म्हणाला. जळगावहून आलेल्या माझ्या पुतण्याने मान डोलावली. आयुष्यभर चुकीच्या बोलण्याला जागच्या जागी उत्तर देणारा मी त्या दिवशी गप्प बसलो... ते उत्तर आज देतो.

ती बोटे माझ्या घरात गेली. थोरल्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि पाहुण्यांसाठी पुढची व मधली खोली एक करायची होती. वर छताला मातीचे जड धाबे, मध्ये कच्च्या विटांची भिंत. भिंत फोडण्याआधी नामदेवांनी दोन्ही बाजूंना बाभळीचे टेकू लावून धाबे उचलून धरले. मग ती फोडून गर्डर चढवला आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचे रुंद ठोकळे ओतले, म्हणजे भार कच्च्या विटांवर एका जागी येऊ नये. प्रत्येक टेकूवर ते बोटाच्या पेराने टकटक करीत आणि कान लावीत. भार घेतलेले लाकूड वेगळे वाजते, असे त्यांचे म्हणणे.

साखरपुड्याला दोन दिवस उरले आणि टेकू तसेच उभे. मी चिडून विचारले, "मिस्त्री, या टेकूंनाही आमंत्रण दिलंय का?"

ते हसले. "त्या पयले पाव्हणा शेतस, भाऊ. लोखंड मोडाव नही, पन खालना ठोकळा अजून कच्चा शे. बठ्ठं धाबं आते टेकूसवर शे. मी बोदवडथीन येस तोवर हात लावू नका."

सगळा भार अजून टेकूंवरच आहे, असे बजावून ते बोदवडला बहिणीकडे गेले, आणि मी दोन मजूर बोलावून टेकू काढायला लावले. होय, मीच. मला गर्डर दिसत होता. गर्डर कशावर टेकला आहे, ते पाहण्याची मला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी होणारे व्याही बैठक पाहायला आले होते. माझी पत्नी गर्डरखाली सतरंजी अंथरत होती. एवढ्यात नामदेव दारात आले आणि तिथेच थबकले. भिंतीतून माती झरत होती. आम्हां कोणालाच तो आवाज ऐकू आला नव्हता. "अक्का, बाहेर!" एवढेच ओरडून त्यांनी तिला हाताला धरून अंगणात लोटले, पडलेला टेकू उचलून गर्डरच्या टोकाखाली घातला आणि पाचर ठोकू लागले. ठोकळा फुटला. गर्डर वीतभर खचला, पण टेकूवर अडला. त्या दोहोंच्या मध्ये त्यांचा हात होता.

दवाखान्यात व्याह्यांनी विचारले, "असं कसं झालं हो?" मी तोंड उघडण्याआधी नामदेव म्हणाले, "मनाच अंदाज चुकना." चूक स्वतःवर घेताना माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. सोयरीक टिकली. मुलीच्या घरी आता सून आली आहे... आणि ते एक वाक्य इतकी वर्षे मी त्यांच्या नावावर राहू दिले.

बरे झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने थापी धरली, ठोकळे नव्याने ओतले आणि टेकू महिनाभर हलू दिले नाहीत. गर्डर खचला तेव्हा कोपऱ्यात पडलेल्या भेगेवर काचेची एक पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकणार. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते येत, स्टुलावर चढत, उरलेल्या दोन बोटांनी काच पुसत आणि म्हणत, "हालेल नही, भाऊ." मग चहा. नामदेवांना लोखंडाचा अंदाज नव्हता म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी यावे आणि ती अजून न तडकलेली काच पाहावी.

यंदाची आखाजी त्यांच्यावाचून गेली. आता स्टुलावर मीच चढतो, काच पुसतो आणि मोठ्याने म्हणतो, "हालेल नही." घरात तेव्हा कोणी नसते. खाली उतरतो, तर भिंतीतून माती झरल्यासारखे वाटते... आणि मी पुन्हा चढतो.