फळ्याचे टेमगिरे सर

राहू गावच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा विज्ञानाच्या टेमगिरे सरांची ओळख मला आधी त्यांच्या पाठीवरून झाली. तास सुरू झाला की ते फळ्याकडे तोंड करत आणि घंटा होईपर्यंत त्यालाच विज्ञान सांगत. फळा बिचारा निमूट ऐकायचा.

मुलांनी काही दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघून कुनाला सायन्स आलंय? पाठ करा!" पोरांचे हात लागू नयेत म्हणून तक्ते आढ्याजवळ टांगलेले. सूक्ष्मदर्शक कायम कपाटात, कुलपाआड. तो बाहेर निघायचा फक्त खंडेनवमीला, पूजेसाठी. सर थेट भिंगालाच हळदकुंकू लावत. असला निर्बुद्ध भक्तिभाव मी दुसरीकडे पाहिला नाही.

सहावीत वैशाली आली. तिला ऐकू येत नव्हतं. ओठांवरून ती बोलणं ओळखायची आणि एकदा पाहिलेली वस्तू हुबेहूब काढायची. सरांच्या तासाला तिच्या वाट्याला त्यांची पाठ. मी म्हटलं, "सर, जरा वळून बोला की."

"एका पोरीसाठी गरागरा फिरू व्हय मी?" म्हणाले, आणि तिच्या वडिलांना निरोप धाडला, पोरगी इथं चालायची नाही, दाखला घेऊन जा. मला त्या माणसाची किळस आली.

वडील दत्तूआप्पा खंडेनवमीलाच आले, पूजेला शेतातला झेंडू घेऊन. पूजा उरकून सर पेढे वाटत होते. मी खिचडीच्या खोलीतून कांदा आणला आणि वैशालीपुढे पुस्तकातली कांद्याच्या पापुद्र्याची आकृती धरली. तिने ओढणीने भिंगावरचं कुंकू पुसलं, नखाने पापुद्रा सोलून काचपट्टीवर पसरला, आकृतीसारखं दिसेपर्यंत चाक फिरवलं. मग आप्पांना ओढत आणलं.

"अवं, पूजा मोडली हिनं!" सर ओरडले.

आप्पांनी भिंगाला लावलेला डोळा काढलाच नाही. "आगं बया, कांद्यात इटांचं बांधकाम हाय की!" मग सरांकडे वळले. "दाखला न्हाई न्यायचा. तुम्ही फकस्त तोंड हिकडं करा, सर. बाकी ती बघून घेईल."

तेवढंही सरांना जमलं नाही. पूजेच्या दिवशी कुलपाला राहिलेली कपाटाची किल्ली मात्र मी काढून घेतली, ती परत दिली नाही. वैशाली विज्ञान शिकली ती त्या कपाटातून.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणाला त्यांना प्रथमच मुलांकडे तोंड करावं लागलं. वैशाली पहिल्या रांगेत बसून त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचत होती.

"काय म्हणाले गं?" मी नंतर विचारलं.

तिने क्षणभर आठवून पाहिलं आणि दोन्ही रिकामे तळहात माझ्यापुढे उघडले.