डाळीला चारच बिलिंब्या

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टाकेबाई म्हणायची. हात झरझर चालायचा आणि जीभ त्याहून झरझर. मागच्या अंगणात बिलिंबीचं झाड होतं. बोटाएवढी हिरवी फळं थेट खोडावर घोसाने लटकायची, आणि आंबट इतकी की नुसतं बघून दात शिवशिवावेत. गंजलेली कात्री त्यांच्या रसात बुडवली की संध्याकाळपर्यंत लख्ख.

झाड सासूबाईंचं. "डाळीला चार. पाचवं टाकायला गेलीस तर हात धरीन," म्हातारी रोज बजावायची. मीठ लावून सुपात वाळत घालायची तीही चार-चार, देठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. टाकेबाई डोळा चुकवून हटकून पाचवं टाकायची, आणि मग दोघींची जुंपायची. म्हातारी गेली तेव्हा हिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. उलट हुश्श झालं. खोटं कशाला बोला!

वर्षभराने नवऱ्याला साखर निघाली. त्याने स्वतःच औषध शोधलं: रोज अनशापोटी ग्लासभर बिलिंबीचा रस.

"अहो, एवढं आंबट पोटात?"

"अगं, जे गंज खातं त्याच्यापुढे साखर काय टिकणार!"

कात्री तर तिने डोळ्यांनी पाहिली होती. पटलं की हो तिला! दुसऱ्या दिवसापासून ती ग्लास भरू लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी तिने सुपात फळं कशीही पसरली आणि मशीनवर जाऊन बसली. गल्ली चिडीचूप. दोरा तुटला म्हणून उठली, तर सुपात फळं चार-चारच्या ओळींत, देठ दाराकडे. अंगणाची कडी आतून लावलेली. "मांजर असेल," ती मोठ्याने म्हणाली. म्हणे मांजर! तिने सगळी विस्कटली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच, आणि चाराच्या ओळीत न बसणारी खाली जमिनीवर ढकललेली.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचे पाय सुजले, चपला चढेनात. "रस चढतोय अंगात," तो म्हणाला. "उद्यापासून दोन ग्लास कर." दुपारीच ती उद्यासाठी फळं पिळायला बसली. चार पिळली. पाचवं उचललं आणि मनगट कुणीतरी धरलं. गार, ओलसर, घट्ट. स्वयंपाकघरात कुणीही नव्हतं. मनगटावर मात्र मिठाचे कण चिकटले होते, आणि मिठाला तर तिने हातही लावला नव्हता.

ग्लास तिथेच टाकून तिने नवऱ्याला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रसाचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "या रसाने मूत्रपिंडं निकामी व्हायलाच आली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर..."

तीन आठवड्यांनी तो घरी आला, फिका पडलेला, पण स्वतःच्या पायांनी. त्याला आंबट कायमचं बंद झालं. दुसऱ्या दिवशी टाकेबाईने स्वतःपुरती डाळ केली, मोजून चार घातली. सुपात फळं मुद्दाम विस्कटून पसरली आणि मशीन बंद ठेवून कान देऊन बसली.

ऊन कलल्यावर बाहेर आली. फळं तिने टाकली होती तशीच पडलेली.

"सासूबाई, आज पाच घातलीत हो!" ती चक्क खोटं बोलली आणि हात पुढे करून उभी राहिली.

कुणीच धरला नाही. मग सुपाशी बसून टाकेबाई सासूसाठी पहिल्यांदा रडली, अगदी हंबरडा फोडून.