कितबोरची पारंबी

कितबोर आमच्या गावी सासरी नांदायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि तोंडात शिव्या. शिव्या पायऱ्यांना होत्या. वरच्या सडकेपासून नोंगसोफानला उतरायचं तर दगडी पायऱ्यांखेरीज वाट नाही, आणि हा गडी सोहऱ्याहून शिलाँगला सुमो पळवणारा ड्रायव्हर. पायांचा उपयोग ब्रेक दाबायला असतो एवढंच त्याला ठाऊक. माझी मावसबहीण इबानरी पुढे चालत होती. दर वळणावर ती म्हणे, "आलंच हं आता." शेवटी तो एका पायरीवर फतकल मारून बसला.

"इबानरी, तू मला नवरा म्हणून आणलंस की हमाल म्हणून?"

"आधी खाली तर चल, मग आई ठरवेल," ती म्हणाली.

आई म्हणजे माझी थेइलिनमावशी. अंगकाठी चिमणीएवढी, आवाज मात्र दरीच्या पलीकडच्या गावाला ऐकू जाणारा. इबानरी तिची शेंडेफळ, आणि आमच्यात घर धाकट्या लेकीकडे जातं, त्यामुळे घर, बाग, चूल सगळं इबानरीचं, आणि त्या सगळ्यासोबत मावशीही कितबोरच्या वाट्याला आली. त्यातून आमचे मामा, मावशीचे भाऊ. ते राहायचे आपल्या बायकोकडे, पण हुकूम गाजवायला रोज सकाळी बहिणीच्या ओट्यावर हजर.

कितबोर वाईट माणूस नव्हता. कामाला वाघ, पण घाई अशी की भात शिजायच्या आत झाकण चारदा उघडून बघणार. विड्याच्या वेलीला पाणी घातलं की पान फुटलं का ते बघायला संध्याकाळी परत जाणार. मावशी म्हणायची, "याच्या आईला हा नवव्या महिन्यापर्यंत पोटात कसा राहिला, ते एकदा जाऊन विचारलं पाहिजे."

मावशीची सुपारीची बाग ओढ्यापलीकडे. जायला बांबूचा साकव. पावसाळ्यात ओढा फुगला की साकव दरवर्षी खाली बांगलादेशात जायचा आणि पाणी ओसरलं की आम्ही नवा बांधायचो. त्यात कुणाला काही वाटत नसे. पण पहिल्याच पावसाळ्यात कितबोर बागेत असताना साकव गेला आणि जावईबापू पलीकडेच अडकले. पलीकडे घर एकच, बात्स्केमचं. बात्स्केम चर्चमधला वडीलधारा. जेवणाआधी त्याची प्रार्थना इतकी चाले की भातावर साय धरावी. पाणी उतरेपर्यंत कितबोर त्याच्याकडे राहिला. परत आला तो अर्धा होऊन.

"मामा, मी पूल बांधणार," तो ओट्यावर चढायच्या आत म्हणाला. "सिमेंटचा."

"सिमेंट पायऱ्यांवरून कोण आणणार? तुझी सुमो?" मामांनी सुपारी कातरत विचारलं. "तो बघ काठावर रबराचा वड. त्याच्या पारंब्या पलीकडे ने. आपला पूल असाच होतो."

"किती दिवस लागतील?"

मामांनी इबानरीकडे बघितलं. तिला तेव्हा कोरड्या उलट्या चालू होत्या. "मुलगी झाली तर तिच्या लग्नाचं वऱ्हाड त्यावरून नेऊ. पारंबीच्या मनात असलं तर."

कितबोरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं आणि मी सुपारीची खोडं उभी चिरली, आतला गाभा कोरून पन्हळी केल्या आणि ओढ्यावर आडव्या बांधल्या. पन्हळीत ओलं शेवाळ आणि कुजका पाला भरला. वडाच्या सुतळीएवढ्या कोवळ्या पारंब्या उचलून त्यात निजवल्या, वरून पुन्हा पाला. मुळांना काळोख हवा, ओल हवी. ती मिळाली की ती आपली आपण पुढे सरकतात.

आणि आमचा ड्रायव्हर सुरू झाला. रोज सकाळी पाला दूर सारायचा, पारंबी उचलायची, टोक कुठवर आलं ते निरखायचं आणि परत निजवायची. थोड्याच दिवसांत टोकं काळी पडली. मामांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, मुळाचं तोंड टोकाजवळ असतं! अगदी शेंड्याला टोपी असते, माती ढकलत जायला. तिच्या मागे ही बारीक लव दिसते का? ती पाणी पिते. तू रोज उचलतोस की ती तुटते. तू जेवायला बसलास आणि थेइलिननं घासागणिक तुझं थोबाड वर करून बघितलं, तर पोट भरेल का तुझं?"

"बघतेच ती," कितबोर पुटपुटला.

मावशी आतून ओरडली, "मी माशाचा तुकडा मोजते, थोबाड नाही!"

मग उचलणं बंद झालं. पण हात शिवशिवतच होते. दोनेक वर्षांनी एक पारंबी मधल्या खडकापर्यंत आली तेव्हा त्याला वाटलं, जरा ताणली तर पलीकडचा खडकही गाठेल. त्यानं ताणली. ती तुटली. हा पाठीवर ओढ्यात पडला, हातात वीतभर मूळ. त्या दिवशी तो जेवला नाही. इबानरीनं सुक्या माशाची चटणी पुढे ठेवली तरी त्यानं तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे नुसतं पुलाचं काम राहिलेलं नाही.

पण वडाला कुणाचा राग नसतो. पुढच्या पावसात तुटल्या जागेमागून चार-पाच नवे फाटे फुटले. मामा म्हणाले, "चला, मूर्खपणातून एकीच्या पाच झाल्या. पण म्हणून बाकीच्या तोडू नकोस."

हळूहळू पारंब्या पलीकडे पोचल्या. पन्हळी सडून गळून पडल्या, मुळं राहिली. जमिनीत टोकं गेली आणि मग मात्र त्यांनी अंग धरलं. जमिनीचा आधार मिळेपर्यंत पारंबी लुकडी असते. एकदा खाली रुजली की खाते, पिते आणि जाडजूड होते. अंगठ्याएवढी होती ती मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. दोन पारंब्या एकमेकींना टेकल्या की चिकटून एक व्हायच्या. कितबोर त्यांच्या गाठी मारायचा, विणायचा, आणि गावभर सांगत सुटायचा. आपल्याला मुलगी झाली, तिनं पहिलं पाऊल टाकलं, या बातम्या त्यानं कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. पारंबी पलीकडे रुजल्याची बातमी मात्र त्यानं बाजारात जाऊन सांगितली.

घोटाळा असा झाला, की एका पारंबीला पलीकडच्या काठावर बात्स्केमच्या डुकरांचा गोठा सापडला. तिथलं खत तिला असं मानवलं, की ती बाकीच्यांच्या दुप्पट फुगली आणि एका रविवारी तिनं गोठ्याची दगडी भिंत उचलून आडवी केली. डुकरं मोकळी. त्यातली थोरली डुकरीण चर्चमध्ये शिरली. बात्स्केम डोळे मिटून प्रार्थना म्हणत होता. "हे देवा, तुझ्या लेकरांना तुझ्यापाशी येऊ दे," असं तो म्हणतो न म्हणतो तोच डुकरिणीनं त्याच्या धोतराला... नाही, खोटं कशाला सांगू, पँटच होती ती, पँटला नाक घासलं. लोक ओठ दाबून बसले. मावशी तेवढी मोठ्यानं हसली.

बात्स्केम थेट कोयता घेऊन ओढ्यावर गेला. आम्ही पोचलो तेव्हा कितबोर पारंबीवर पालथा पडून तिला दोन्ही हातांनी कवटाळून होता.

"बाजूला हो दादा, बाह कितबोर! तोडणार मी हिला."

"आधी मला तोड!"

"तुला तोडून काय करू? तू काय माझा गोठा पाडलास?"

प्रकरण गावच्या दरबारात गेलं. दरबारात पुरुष बसतात. बायका आपापली कामं नेमकी त्याच दिवशी खिडकीखाली घेऊन बसतात. मावशी मिरी निवडत होती.

बात्स्केमचं म्हणणं सरळ होतं. "झाड त्यांच्या काठावर, मान्य. पण ही पारंबी जेवते माझ्याकडे. माझ्या डुकरांच्या जिवावर पोसली. मग ती माझी. माझी आहे तर मी तोडीन, नाहीतर तिच्यावरून जाणाऱ्याला मला विचारावं लागेल."

गावप्रमुखांनी मान हलवली. म्हणणं खोटं नव्हतं. कितबोर उठला. घरी त्यानं मोठं भाषण तयार केलं होतं, मला दोनदा ऐकवलंही होतं. पण उभा राहिला आणि नुसतं "हे बघा... मूळ म्हणजे... मुळात..." एवढंच म्हणत राहिला. डोळ्यांत पाणी आलं आणि खाली बसला. मामा घसा खाकरून उठणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"बात्स्केम, तू जन्मलास कुठे रे?"

"काँग थेइलिन, ताई, हा दरबार आहे," गावप्रमुख म्हणाले.

"मी दरबाराशी कुठे बोलते? मी मिरी निवडते. बात्स्केम, जन्मलास कुठे?"

"...या काठावर. तुमच्या शेजारी."

"आणि जेवतोस कुठे?"

"बायकोकडे. पलीकडे."

"तिच्या घरचं खाऊन चांगला मोठा झालास. म्हणून आईचं कुळ सोडलंस का? आम्ही तुला अजून कुणाचा म्हणतो?"

"आईचाच," बात्स्केम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"झालं तर. पारंबी कसली, जावई आहे तो तुझ्या घरचा. जन्म इकडचा, खाणं तिकडचं, ओझं दोघांचं. आणि जावयानं एखादी भिंत पाडली तर कुणी त्याला कोयत्यानं तोडतं का? मी तरी अजून तोडलेला नाही!"

दरबार असा हसला की गावप्रमुखांना पुढचं बोलताच येईना. कितबोरही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. निकाल झाला: पारंबी राहील, गोठा सरकेल, आणि नवा गोठा कितबोर स्वतःच्या हातानं बांधेल. त्यानं तो दोन दिवसांत बांधला. पहिल्याच आठवड्यात एक बाजू कलली, ती बात्स्केमनं मुकाट्यानं सरळ केली. पण गंमत पुढेच. बात्स्केमलाच त्या पारंबीचं वेड लागलं. सकाळी ओढ्यापलीकडून हाक यायची, "कितबोर, आमचे जावईबापू भरलेत बरं का या पावसात!"

मामा पूल बघायला राहिले नाहीत. एका हिवाळ्यात ते बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी कितबोर एकटाच वडाखाली जाऊन बसला. हाक मारली तरी उठला नाही.

वरून दगड-माती पसरून पूल चालण्याजोगा झाला तोवर त्याच्या मुलीचं लग्न होऊन जुनं झालं होतं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर वाद झाला, आणि मावशीनं तो मिटवला. "मी जाणार. पण माझे गुडघे ऐकत नाहीत. जावयानं न्यावं."

म्हणून कितबोरनं बसायची टोपली पाठीवर घेतली, पट्टा कपाळाला लावला आणि मावशी मागे तोंड करून तिच्यात बसली. तो निघाला. मावशीला पुढचं काही दिसत नव्हतं, तरी ती वाट सांगत होती. "डावीकडे हो. नीट! मी काय बटाट्याची गोण आहे?"

मध्यावर ती म्हणाली, "थांब."

तो थांबला. खाली ओढा पांढराफेक. तिनं वाकून कठड्याची पारंबी हातानं दाबून बघितली.

"हलतंय का रे हे?"

"पूल नाही हलत, मेई." आमच्यात आईला मेई म्हणतात. "माझे पाय हलतायत."

मावशीनं हात मागे नेऊन त्याच्या डोक्यावर ठेवला, जरा वेळ. आम्ही दोन्ही काठांवर उभे होतो, सगळ्यांनी बघितलं. मग तो पुढे निघाला.

पलीकडे बात्स्केमच्या बायकोनं चहा ठेवला होता. बात्स्केमनं प्रार्थना म्हटली. चहा थंड झाला. परत निघताना कितबोर टोपलीसाठी खाली बसला, तर मावशी काठी टेकत आपली आपणच पुलावर चढली होती. गुडघ्यांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. हा रिकामी टोपली घेऊन मागे. थोडं पुढे गेल्यावर ती थबकली आणि काठीनं कठड्यातली एक फट दाखवली.

"इथून कोंबडी पडेल. एक पारंबी इकडे वळव."

कितबोरनं टोपली खाली ठेवली आणि हात उंच करून तो वडाची कोवळी पारंबी शोधू लागला.