पायरीवरची नऊ मुलं

"'आमच्या लेकराईले पायरीवर बसवते अन् खिचडी वरतून टाकते.'" साहेबांनी माझ्या अहवालातलं वाक्य हेल काढून वाचलं. अमरावतीच्या ऑफिसातली सगळी बैठक हसली.

"ताई, हा अहवाल आहे की गाऱ्हाणं? ध्येय कुठंय? उद्दिष्टं कुठायत? मोजता येत नाही ते उद्दिष्ट नसतं. तुमच्या लोकांना लिहायला दिलं की हे असं."

तुमच्या लोकांना.

साहेबांच्या घरी तीन पिढ्यांची वकिली. मी मूर्तिजापूरकडच्या एका भीमनगरातली. संस्थेत माझी ओळख एवढीच, की बाई यादीतलं काम शिल्लक ठेवत नाही. तेव्हा उठून बोलायला हवं होतं. मी वहीत लिहिलं : 'अहवाल दुरुस्ती, मंगळवारपर्यंत.'

सोमवारीच दिला.

अकोला जिल्ह्यातल्या एका गावात दलित वस्तीतली मुलं अंगणवाडीत टिकत नव्हती. का, ते आयांनी सांगितलं होतं. मदतनीस त्यांना आत घेत नव्हती. मी लिहिलं, 'समस्या : मातांमध्ये पोषणाविषयी जागृतीचा अभाव. ध्येय : बालकांचे पोषण सुधारणे. उद्दिष्ट : दरमहा एक जागृती सत्र.' साहेबांचा शेरा आला : 'उत्तम. नमुना म्हणून सर्वांना पाठवा.'

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

दोन वर्षं सत्रं घेतली. ज्या बायकांनी मला खरं सांगितलं, त्यांनाच पालेभाजीचे तक्ते दाखवले. बाहेर त्यांची लेकरं पायरीवर जेवत होती. मी स्वतः शाळेत दाराशी, पोत्यावर बसून शिकलेली. तरी सत्र संपलं की त्या मुलांच्या शेजारीच चपला घालून मी निघून जायचे. हजेरीपट भरलेला असायचा.

एका सत्रात दुर्गाबाई उठली. तिची मुलगी परी याच अंगणवाडीत होती.

"मॅडम, भाजीचं समजलं. पायरीचं कधी सांगता?"

शेजारची म्हणाली, "ते मॅडमच्या कागदात नाई बसत वो, मावशी." बायका हसल्या. अमरावतीत हसले होते तसं नाही. माझी कीव आल्यासारखं.

"आमाले समजत नाई, असंच लिवलं ना तुमी?" दुर्गाबाईनं विचारलं. मी तक्ता गुंडाळायला लागले. "माही परी तं पहिलीत गेली. दोन वर्सं पायरीवरच जेवली."

मी बाहेर आले. मोजलं. आत चौदा मुलं. पायरीवर नऊ. नऊच्या नऊ वस्तीतली.

मोजता येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं.

त्या तिमाहीचा अहवाल एका पानाचा झाला. 'समस्या : नऊ मुलांना जातीमुळे पायरीवर जेवायला बसवतात. उद्दिष्ट : पायरीवर जेवणारी मुलं आज नऊ, महिन्याभरात शून्य. जबाबदारी : सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका आणि मी.'

साहेबांनी बोलावलं. "ताई, जात काढा. 'काही सामाजिक कारणांमुळे' असं म्हणा."

"नाही, साहेब."

"मग हा इथून पुढं जाणार नाही."

"गेला. सकाळी अकोल्याला जिल्हा परिषदेत देऊन आले. माझ्या नावानं. ही पोच."

"नोकरीचा विचार केलाय?"

"केलाय. यादीत तो खाली आहे."

परीची दोन वर्षं कुठल्याच उद्दिष्टात भरून येणार नाहीत. मदतनीस बाईनं तिला पायरीवर बसवलं. ती तिथं बसलेली कागदावर दिसणार नाही, याची सोय मी केली. सुबक मथळे देऊन.

दोन वर्षांतले जुने आठ तिमाही अहवाल कपाटातून काढलेत. प्रत्येकाला दुरुस्तीपत्र जोडून पुन्हा पाठवते आहे : 'मातांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं. खोटं मी लिहिलं.' खाली सही. आधीही माझीच होती.

महिना उलटला. काल पायरीवर चार मुलं होती. चार म्हणजे शून्य नव्हे. उद्या पुन्हा मोजायला जाते आहे. शून्य होईपर्यंत हे काम यादीतून खोडणार नाही.