आई उठल्याच्या तीन खुणा

माझं काम घरोघरच्या उपकरणांवरून माणसाच्या सवयी ओळखण्याचं. प्रत्येक हालचाल कळवत बसलं तर बॅटरी दोन दिवसांत संपते, म्हणून उपकरणांनी आपसातच जुळवून बघायचं आणि काही बिघडलं तरच तोंड उघडायचं. असे नियम लिहिण्यात ऑफिसात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि मला त्याची घमेंडही होती.

आई लालबागच्या चाळीत एकटी राहायची. माहीमला माझ्याकडे यायला राजी नव्हती. मग मी तिच्या खोलीत तीन उपकरणं बसवली: दारावर, मोरीतल्या नळाला आणि ओट्यावर. "घरात ढेकूण सोडलेस माझ्या," एवढंच म्हणाली. सकाळी ती दार उघडून दूध घ्यायची, पाणी भरायची, मग ओट्याशी जायची. अर्ध्या तासात हे ओळीने झालं, की आई उठली. नाही झालं, तर माझा फोन वाजणार.

त्या मंगळवारी तो वाजला नाही. साडेदहाला शेजारच्या काकींचा फोन आला. आई अंथरुणातच होती, वाचा गेलेली, उजवा हात उचलत नव्हता. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, झटका पहाटेच आला असावा, लगेच आणलं असतं तर काही करता आलं असतं. चौथ्या दिवशी ती गेली.

नंतर मी उपकरणांतल्या नोंदी काढल्या. दार, नळ, ओटा, सगळं वेळेवर. कोड्याचं उत्तर तेराव्याला काकींनीच दिलं, रडत. "तोंडार पांघरूण घेऊन पडली होती. म्हटला, निजांदे. आवाज न करता पाणी भरलंय, दूध ओट्यार ठेवलंय."

चाळीत पाणी तासभरच येतं. कोणी झोपलेलं असलं तर शेजारीण किल्लीने आत येऊन भरून ठेवते. मी तिथेच वाढलो. आमचे हंडे काकींनी कितीदा भरलेत. तरी नियम लिहिताना मी त्या घरात एकटी आईच धरली.

"तुज्या मशीनान तुका सांगल्यान नाय रे?" काकींनी विचारलं.

"बिघडलं होतं, काकी."

त्यांनी डोळे पुसले आणि मशीनला यथेच्छ शिव्या घातल्या. मी मान हलवत राहिलो. मला खूप लाज वाटत होती. मशीन सांगितलं तसंच वागलं होतं, आणि काकीही.